मेमरी शिल्लक असूनही कर्नलमध्ये अ‍ॅलोकेशन अडकतं, ते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १६ जीबी रॅमच्या ६४ बिटी इंटेल मशीनवर, डेटा टिपणाऱ्या एका कार्डासाठी तुम्ही लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) चालणारा ड्रायव्हर लिहिला आहे. प्रत्येक फ्रेमसाठी २५६ केबी डेटा आणि त्याच्या आधी ६४ बाइटचा हेडर, एवढी जागा केमॅलॉकने, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी मागण्याच्या नेहमीच्या फंक्शनने, घेता आणि काम झालं की सोडून देता. मशीन सुरू केल्यावर दोन दिवस सगळं सुरळीत चालतं. तिसऱ्या दिवसापासून मध्येच एखादी फ्रेम १५० ते २०० मिलिसेकंद लटकते. तेव्हा फ्री कमांड मात्र ९ जीबी उपलब्ध असल्याचं सांगते. पर्फमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनात) पेज अ‍ॅलोकेटरची (मेमरीचे ठरावीक तुकडे वाटणाऱ्या भागाची) फंक्शन्स वर आलेली दिसतात. ड्रॉप कॅशेस (फाइलची कॅश सोडायला लावणारी आज्ञा) क्रॉनमधून, म्हणजे वेळापत्रकाने, दर तासाला चालवलं की थोडा वेळ बरं वाटतं. म्हणून तुम्ही विचारलंय, कर्नलचा अ‍ॅलोकेटर हळू आहे तर ड्रायव्हरसाठी स्वतःचा लिहावा का?

लिहू नका. अ‍ॅलोकेटर हळू नाही. तुम्ही जी मागणी करताय तिचा आकार आणि ती करण्याची वेळ, हे दोन्ही अडचणीचे आहेत, आणि नवा अ‍ॅलोकेटर लिहिलात तरी तो शेवटी याच पेज अ‍ॅलोकेटरच्या दारात उभा राहणार. मी बरीच वर्षं ड्रायव्हर आणि मेमरी याच भागात काम करतोय, आणि «कर्नल मेमरी द्यायला उशीर करतो» या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडली आहे: मेमरी तयार करून ठेवण्याचं काम कुणीतरी आधी करायला हवं होतं, ते झालं नाही, आणि ज्याला सर्वात जास्त घाई होती त्याच्याच गळ्यात ते पडलं.

आधी त्या ६४ बाइटकडे बघा. सध्याच्या कर्नलमध्ये केमॅलॉकचे ठरावीक मापांचे साठे ८ केबीपर्यंतच असतात. त्याहून मोठी मागणी सरळ पेज अ‍ॅलोकेटरकडे जाते, आणि तो फक्त दोनाच्या घातांत मोजतो: १ पेज, २, ४, ८ असा. एक पेज ४ केबीचं. २५६ केबी म्हणजे बरोबर ६४ पेज, म्हणजे ऑर्डर ६ (दोनाचा सहावा घात). पण तुमची मागणी २५६ केबी अधिक ६४ बाइट आहे. ती ऑर्डर ६ मध्ये बसत नाही, म्हणून ऑर्डर ७ होते, म्हणजे सलग १२८ पेज, ५१२ केबी. अर्धी जागा वाया जाते हे एक, पण त्याहून वाईट म्हणजे तेवढा सलग तुकडा मिळणं पुष्कळ अवघड असतं. हेडर वेगळा घ्या, छोट्या केमॅलॉकमधून. हा बदल आजच करा. मूळ दुखणं त्याने जाणार नाही, पण त्याची तीव्रता नक्की कमी होईल.

आता मूळ दुखणं. फ्री कमांडमधला «उपलब्ध» हा आकडा एकूण किती पेज मोकळी करता येतील याचा अंदाज देतो. ती सलग आहेत की नाहीत, याबद्दल तो काहीच सांगत नाही. नाट्यगृहात ५०० खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि तुम्ही १६ जण आलात. तुम्हाला एकाच रांगेत, शेजारी शेजारी बसायचंय, आणि वर नियम असा की ती रांग ठरावीक क्रमांकाच्या खुर्चीपासूनच सुरू झाली पाहिजे. रिकाम्या खुर्च्या भरपूर आहेत, पण अशी ओळ एकही नाही. मग डोअरकीपर लोकांना विनंती करत फिरतो: तुम्ही जरा तिकडे सरकाल का, तुम्ही मागे जाल का. हे सरकवणं म्हणजे कॉम्पॅक्शन. काही प्रेक्षक उठायला तयार होतात. काही उठूच शकत नाहीत. आणि हे सगळं होईपर्यंत तुमची फ्रेम दाराशी ताटकळत उभी असते.

हे सरकवणं लिनक्समध्ये २०१० साली, २.६.३५ आवृत्तीत आलं. त्याआधी, २००८ च्या २.६.२४ मध्ये, पेजची गटवारी आली होती: हलवता येणारी, परत मिळवता येणारी आणि न हलणारी. प्रोग्रॅमची स्वतःची मेमरी आणि फाइलची कॅश हलवता येते, कारण तिच्याकडे पेजटेबलमधून (पत्त्यांच्या तक्त्यातून) किंवा कॅशच्या नोंदीतून बोट दाखवलेलं असतं, आणि ते बोट बदलता येतं. पण केमॅलॉकने घेतलेल्या जागेचा पत्ता कोणत्या पॉइंटरमध्ये लिहून ठेवलाय हे कर्नलला कळायला मार्ग नसतो, त्यामुळे ती जागा हलत नाही. म्हणून न हलणारी पेज एका बाजूला गोळा करून ठेवण्याचा प्रयत्न असतो. ताण आला की तो मोडतो, आणि एखादं न हलणारं पेज हलणाऱ्यांच्या तुकड्यात जाऊन बसतं. एक पेज पुरेसं असतं. ५१२ केबीच्या तुकड्यात १२७ पेज रिकामी आणि एक अडलेलं, तर तो तुकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

आता दोन दिवसांचं गणित लागतं. मशीन नुकतं सुरू झालेलं असतं तेव्हा मोठे तुकडे ढीगभर असतात. हळूहळू फाइल कॅश सगळी रिकामी जागा व्यापते, जे योग्यच आहे. मध्ये मध्ये इनोड, डेंट्री (फाइल आणि त्यांच्या नावांच्या नोंदी) यांच्या स्लॅबची, म्हणजे लहान वस्तूंच्या साठ्यांची, पेज पेरली जातात. मोठे तुकडे संपतात. ड्रॉप कॅशेस चालवलं की कॅशची पेज सुटतात, शेजारची मोकळी पेज एकमेकांना जोडली जाऊन पुन्हा मोठे तुकडे बनतात, म्हणून तुम्हाला बरं वाटतं. पण स्लॅबच्या पेजमधली शेवटची वस्तू जाईपर्यंत ते पेज सुटत नाही, आणि सुटलेली फाइल कॅश पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते. तो क्रॉन बंद करा. निदान करायला त्याची मदत झाली, पण उपचार म्हणून तो इतर सगळ्या प्रोग्रॅमना त्रास देतो.

मात्र हे निदान मी तुमच्या वर्णनावरून करतोय. मोजल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका, कारण हीच लक्षणं दाखवणारी किमान तीन वेगळी कारणं मी पाहिली आहेत.

मोजताना सरासरीकडे बघू नका. १० लाख अ‍ॅलोकेशन प्रत्येकी १ मायक्रोसेकंदात झाली आणि त्यातली फक्त पाच प्रत्येकी २०० मिलिसेकंद अडकली, तर सरासरी येते साधारण २ मायक्रोसेकंद. या आकड्याकडे पाहून कुणालाही वाटेल की सगळं छान आहे. तुमचं कार्ड त्या पाचांवर मरतंय. म्हणून प्रत्येक अ‍ॅलोकेशनला लागलेला वेळ हिस्टोग्रॅममध्ये टाका आणि शेपटीकडे बघा.

मग प्रॉक खालच्या व्हीएमस्टॅटची (कर्नलच्या मेमरीविषयक आकड्यांच्या फाइलची) प्रत दर सेकंदाला वेळेसह साठवा, आणि फ्रेम लटकली त्या सेकंदाच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची वजाबाकी करा. कॉम्पॅक्ट स्टॉल वाढला असेल तर कुणीतरी सलग तुकड्यासाठी सरकवासरकवी करत थांबलं होतं. कॉम्पॅक्ट फेल त्याच्या जोडीने वाढत असेल तर थांबूनही हाती काही लागलं नाही. अ‍ॅलोक स्टॉल (मागणाऱ्यालाच पेज मोकळी करत थांबावं लागल्याच्या वेळा) आणि थेट स्कॅनचे (त्यासाठी तपासलेल्या पेजचे) आकडे वाढत असतील आणि कॉम्पॅक्ट स्टॉल स्थिर असेल, तर प्रश्न सलगतेचा नाही, एकूणच मोकळी पेज वेळेवर तयार होत नाहीत. आणि यातलं काहीच हललं नसेल, तर अ‍ॅलोकेटरला दोष देणं थांबवा. मग लॉक बघा, स्वॅपमधून परत येणारी पेज बघा, तुमचा प्रोसेस एखाद्या सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाच्या) मेमरी मर्यादेला तर टेकत नाही ना ते बघा.

सोबत बडीइन्फो वाचा. त्यात प्रत्येक झोनसाठी (मेमरीच्या विभागासाठी) ऑर्डर ० पासून पुढे किती तुकडे मोकळे आहेत ते ओळीने दिलेलं असतं. माझा अंदाज खरा असेल तर डावीकडे हजारोंनी आकडे आणि ऑर्डर ६ पासून पुढे शून्यं, असं चित्र दिसेल. नक्की कोण किती वेळ थांबलं हे हवं असेल तर एफट्रेसमध्ये (कर्नलच्या आतल्या घडामोडी टिपणाऱ्या साधनात) कॉम्पॅक्शन आणि थेट रिक्लेम (मागणाऱ्यानेच वापरातली पेज परत मिळवणं) यांच्या सुरुवातीचे आणि शेवटाचे ट्रेसपॉइंट चालू करा. पर्फमध्ये दिसणारं पेज अ‍ॅलोकेटरचं नाव हे फक्त दार आहे. त्याच्या आत उघडून बघा, पेज वेगळी काढणारी फंक्शन्स वर आली असतील तर वेळ कॉम्पॅक्शन खातंय.

तीन कारणं म्हटलं, त्यातलं एक सविस्तर सांगतो, कारण त्याने माझे तीन आठवडे खाल्ले. ५१२ एमबीचा एक एआरएम बोर्ड होता, त्यावर कॅमेरा. कॅमेऱ्यासाठी सीएमए, म्हणजे सलग मेमरीसाठी बूटच्या वेळी बाजूला काढलेला भाग, राखून ठेवला होता. तरी एका दिवसानंतर कॅमेरा उघडायला आठ-दहा सेकंद लागायचे आणि कधी कधी तो उघडायचाच नाही. मी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर उलटापालटा केला. काही सापडलं नाही. सीएमएचा भाग रिकामा पडून राहू नये म्हणून कर्नल तो मधल्या काळात हलवता येणाऱ्या पेजना वापरायला देतो, आणि हवा तेव्हा त्यांना हलवून परत घेतो. आमच्याच टीममधल्या दुसऱ्या एका ड्रायव्हरने प्रोग्रॅमची काही पेज थेट डीएमएसाठी (हार्डवेअरने सीपीयूशिवाय मेमरीत लिहिण्या-वाचण्यासाठी) धरून ठेवली होती, आणि ती तासन्‌तास सोडत नव्हता. त्यातली काही योगायोगाने सीएमएच्या भागात होती. धरून ठेवलेलं पेज हलत नाही. झालं. दोष एका ड्रायव्हरचा, शिक्षा दुसऱ्याला. तेव्हापासून मी अडकलेल्या ड्रायव्हरकडे बघण्याआधी त्या मशीनवर पेज धरून कोण बसलंय ते शोधतो. तुमच्या मशीनवर दुसरं कुठलं कार्ड किंवा आरडीएमएसारखं (नेटवर्कवरून थेट मेमरीत लिहिणारं) काही असेल तर हे जरूर तपासा. दीर्घकाळ धरायची असतील तर पिन युजर पेजेस वापरून, दीर्घकाळाचा फ्लॅग देऊनच धरावीत. तो फ्लॅग दिला की कर्नल ती पेज आधी सीएमएच्या बाहेर हलवतो आणि मगच धरू देतो.

आता उपायाकडे. इथे एका प्रश्नाच्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही: त्या कार्डाला भौतिकदृष्ट्या सलग मेमरी खरोखर लागते का?

बऱ्याच कार्डांना लागत नाही. त्यांच्या डीएमए इंजिनला तुकड्यांची यादी देता येते: हा पत्ता, एवढी लांबी, मग पुढचा पत्ता. तसं असेल तर ६४ सुटी पेज घ्या आणि स्कॅटर-गॅदरची यादी बांधा. सुटं पेज ही कर्नलमधली सर्वात स्वस्त मागणी आहे. प्रत्येक सीपीयूजवळ सुट्या पेजचा स्वतःचा छोटा साठा असतो, आणि त्यातून पेज घेताना झोनचा लॉकही सहसा लागत नाही. यादी घेता येत नसेल, पण मशीनवर आयओएमएमयू (कार्डाला दिसणारे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) चालू असेल, तरी विखुरलेली पेज कार्डाला सलग भासवता येतात. फक्त तो पासथ्रूमध्ये (पत्ते न बदलता जाऊ देण्याच्या स्थितीत) ठेवलेला नाही ना ते तपासा, नाहीतर त्याचा उपयोग होणार नाही. दोन्ही नसेल तरच खरी सलग मेमरी हवी, आणि ती डीएमएच्या एपीआयमधूनच घ्यावी, केमॅलॉकने नव्हे.

डेटा कार्ड थेट तिथे लिहीत नसेल, फक्त सीपीयूच त्याला हात लावत असेल, तर केव्हीमॅलॉक वापरा. २०१७ च्या ४.१२ आवृत्तीपासून ते आहे. आधी सलग तुकडा मिळतो का बघतं, त्यासाठी फार झटत नाही, आणि नाही मिळाला तर पत्त्याने सलग पण प्रत्यक्षात विखुरलेली जागा देतं. सोडताना केव्हीफ्रीच वापरायचं, साधं केफ्री वापरलंत तर मशीन पडेल.

पण उत्तर कोणतंही आलं तरी एक बदल करायचाच आहे: फ्रेमच्या वाटेतून अ‍ॅलोकेशन काढून टाका. डिव्हाइस उघडताना, किंवा त्याहून बरं म्हणजे ड्रायव्हर लोड होताना, बफरचं एक चक्र तयार करा आणि तेच फिरवत राहा. २५६ केबीचे ६४ बफर म्हणजे १६ एमबी, तुमच्या रॅमच्या साधारण ०.१ टक्का. एवढी किंमत देऊन तुम्ही प्रत्येक फ्रेमला होणारा जुगार बंद करता. मला माहीत आहे, लिहिताना वाटतं की गरज नसताना १६ एमबी अडवून ठेवणं बरोबर नाही. पण सतत फ्रेम येणाऱ्या कार्डासाठी ती गरजच आहे. नेटवर्क ड्रायव्हरांनी हाच मार्ग धरला, त्यांच्यासाठी पेज पुन्हापुन्हा वापरणारा पेज पूल ४.१८ मध्ये कर्नलमध्येच आला. चक्र संपलं तर काय करायचं, हे मात्र आधी ठरवा: फ्रेम टाकायची आणि मोजायची, की वाचणाऱ्याला थांबवायचं. मी टाकून मोजण्याच्या बाजूचा आहे, कारण टाकलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो आणि त्यावर काम करता येतं.

इथे एक खाच आहे. ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड झाला तर मोठे तुकडे मिळतात. पण चार दिवस चाललेल्या मशीनवर कुणी तो काढून पुन्हा लोड केला तर तीच सलग मागणी नाकारली जाऊ शकते. म्हणून मोठा तुकडा मागताना पुन्हा प्रयत्न नको असा फ्लॅग द्या, आणि नकार आला तर लहान तुकड्यांवर उतरा. ३२ केबीपर्यंतची, म्हणजे ऑर्डर ३ पर्यंतची मागणी कर्नल रास्त मानतो आणि ती पुरी करायला जवळपास काहीही करतो. त्यावरची मागणी तो महाग समजतो: एकदा सरकवून बघतो, एकदा रिक्लेम करून बघतो, आणि मग नाही म्हणतो. तुमची ऑर्डर ७ ची मागणी अशीच आहे. म्हणजे आज तुम्ही २०० मिलिसेकंद थांबताय, उद्या २०० मिलिसेकंद थांबून वर नकारही मिळेल. डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअरची ओळ, ऑर्डर ७ सह, आत्ताच येऊन गेली आहे का ते बघा.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी जीएफपी अ‍ॅटॉमिक हा फ्लॅग सुचवलाय. कृपया ते करू नका. तो फ्लॅग थांबत नाही हे खरं, पण तो थांबू शकत नाही अशा जागांसाठी, म्हणजे इंटरप्टसारख्या संदर्भासाठी आहे, आणि त्या लोकांसाठी राखून ठेवलेल्या साठ्यात हात घालतो. तुमची ५१२ केबीची मागणी त्याने बहुधा नाकारली जाईल. आणि मिळत राहिली, तर ताणाच्या वेळी नेटवर्क कार्डाला एक पॅकेट ठेवायला जागा उरणार नाही.

सिस्टीमच्या सेटिंगबद्दल थोडं. प्रत्येक झोनला तीन खुणा असतात: किमान, खालची, वरची. मोकळी पेज खालच्या खुणेखाली गेली की केस्वॅपडी हा पार्श्वभूमीत पेज मोकळी करणारा थ्रेड जागा होतो आणि वरच्या खुणेपर्यंत भरत जातो. तो पुरा पडला नाही आणि पातळी किमान खुणेखाली गेली, की मागणी करणाऱ्यालाच रिक्लेमला जुंपलं जातं. वॉटरमार्क स्केल फॅक्टर या खुणांमधलं अंतर ठरवतो. मुळात तो १० असतो, म्हणजे मेमरीच्या ०.१ टक्का. तुमच्या मशीनवर साधारण १६ एमबी. कुणी मोठी फाइल झपाट्याने लिहायला घेतली तर १६ एमबी डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतात. तुमच्या मोजणीत अ‍ॅलोक स्टॉल वाढताना दिसला तर हा १०० करून बघा, अंतर १६० एमबीच्या आसपास जाईल. कॉम्पॅक्शन स्टॉल असतील तर ५.९ पासून असलेली प्रोअ‍ॅक्टिव्ह कॉम्पॅक्शनची पातळी मुळच्या २० वरून थोडी वाढवता येते. मग सरकवासरकवी पार्श्वभूमीला आधीच होत राहते, पण तिचा सीपीयूवर भार पडतो. ही सेटिंग्ज मशीनच्या मालकाची असतात, ड्रायव्हरने त्यांच्यावर विसंबून राहू नये. तुमचा ड्रायव्हर उद्या ४ जीबीच्या मशीनवर जाईल, तेव्हा तिथे कुणी ती बदललेली नसतील.

स्वतःच्या अ‍ॅलोकेटरबद्दल शेवटचं. बफरचं चक्र म्हणजे अ‍ॅलोकेटर नव्हे, ते करा. पण वेगवेगळ्या मापांच्या जागा देणारं, तुकडे जोडणारं काही लिहायला घेतलंत, तर केमेमलीक आणि केसॅन या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनांना त्याच्या आतलं काही दिसणार नाही, आणि वापरून सोडलेल्या जागेला हात लावणाऱ्या चुका तुम्हाला रात्री जागून शोधाव्या लागतील. खुद्द कर्नलमध्ये लहान वस्तूंसाठी तीन अ‍ॅलोकेटर होते. त्यांतला स्लॉब २०२३ मध्ये ६.४ आवृत्तीत काढला, स्लॅब २०२४ मध्ये ६.८ मध्ये, आणि आता फक्त स्लब उरला. तीन सांभाळणं त्यांनाही परवडेना.

बदल केल्यावर ताज्या बूटवर चाचणी घेऊ नका, तिथे तुमचा आजचा कोडही पास होतो. आधी मशीन जुनं करा: लाखो छोट्या फाइल असलेल्या झाडावर फाइंड फिरवा, मोठ्या फाइल वाचून कॅश भरा, शेजारी कर्नलचं बिल्ड लावा, आणि बडीइन्फोत ऑर्डर ६ च्या पुढे शून्यं दिसायला लागली की मग कार्ड सुरू करा. रात्रभर चालू द्या. सकाळी हिस्टोग्रॅमची शेपटी, टाकलेल्या फ्रेमचा आकडा आणि व्हीएमस्टॅटची वजाबाकी इथे टाका, सोबत कर्नलची आवृत्ती आणि कार्डाचं डीएमए इंजिन यादी घेतं की नाही ते लिहा. यादी घेत असेल तर सुट्या पेजचा कोड कसा बांधायचा ते मी पुढच्या उत्तरात दाखवतो.